अर्धं बोट कमी

आमच्या अण्णांना, म्हणजे वडलांना, सगळी पंचवटी टोपीवाले म्हणायची आणि त्यांचा स्वतःचा मुलगा गावभर बोडका फिरायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. गंगेकडे उतरणाऱ्या गल्लीत आमचं दुकान होतं. पुढं दुकान, पडद्यामागं घर. पांढऱ्या टोप्या, हातानं शिवलेल्या. कापड बेतण्यापासून इस्त्रीपर्यंत सगळं अण्णा एकटे करायचे. त्यांच्या टोपीचं पुढचं टोक दिवसभर घामात राहूनही पडायचं नाही. रविवार कारंज्यावर कुणी चाललेला दिसला की मी लांबून सांगायचे, ही आमची टोपी.

दुकानाचं गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं. एक लग्नाचं. सोयऱ्यांच्या मानपानाला टोपी-टॉवेल लागतो, तो न्यायला आलेलं. ते मोठमोठ्यानं बोलणार, चहा मागणार, एकमेकांच्या डोक्यावर टोप्या घालून खिदळणार. दुसरं दुखवट्याचं. गंगेवर दहावं करायला कुठून कुठून लोक येतात. घाटावर न्हावी डोकं भादरतो आणि मग त्या उघड्या डोक्याला टोपी लागते. ही माणसं बोलायची नाहीत. अण्णाही त्यांच्याशी जेवढ्यास तेवढं बोलायचे आणि जाताना त्यांना 'पुन्हा या' कधी म्हणायचे नाहीत. नुसती मान हलवायचे.

आता दादाचं सांगते. दादा माझ्याहून मोठा. लहानपणी अण्णांनी त्याला टोपी घालून शाळेत पाठवलं होतं. पोरांनी ती उडवली, या हातातून त्या हातात खेळवली आणि शेवटी गंगेत फेकून दिली. दादा पायरीवर उभा राहून ती वाहत जाताना बघत होता म्हणे. घरी आला तो एवढंच म्हणाला, "मी टोपी घालणार नाही." अण्णा हसले. म्हणाले, "अरे, गेली तर गेली. दुसरी शिवतो." पण पोरगं हट्टाला पेटलं ते पेटलंच. पुढं कॉलेजात गेला तसं त्यानं कानांवर आणि मानेवर केस वाढवले, मागच्या खिशात कंगवा ठेवायला लागला, आणि मग तर टोपीचं नावच नको.

अण्णांनी एकच आशा धरून ठेवली होती, भाऊबीजेची. ओवाळून घेताना पुरुषाचं डोकं झाकलेलं लागतं. बोडक्या डोक्यानं कुणी पाटावर बसत नाही. म्हणून दर भाऊबीजेला अण्णा एक नवी टोपी करायचे. चांगल्यातलं कापड, कडक खळ, धारेसारखं टोक. मी ताट तयार करत असताना ती टोपी हळूच पाटाशेजारी ठेवून ते पडद्याआड दुकानात जायचे. आणि दादा काय करायचा? पाटावर बसायचा, खिशातून रुमाल काढायचा, चार घड्या घालून डोक्यावर ठेवायचा. टोपीवाल्याचा मुलगा डोक्यावर हातरुमाल ठेवून ओवाळून घेतोय! आई आतून ओरडायची, "अरे, टोपी घाल की!" तो म्हणायचा, "चालतंय गं आई. डोकं झाकलं ना?" पडद्याखालून अण्णांचे पाय दिसायचे. ते तिथंच उभे असायचे, रुमालच निघाला हे कळेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा ती टोपी दुकानात मांडायचे आणि येईल त्या पहिल्या गिऱ्हाइकाला देऊन टाकायचे. डोक्याला होतेय का नाही तेसुद्धा बघायचे नाहीत. घरात ठेवायची नाही म्हणजे नाही. रागच तसा होता त्यांचा.

मला दादाचा भयंकर राग यायचा. अरे, तुझं काय जातंय? पाच मिनिटं घालायची, मग काढून फेक. मी तसं म्हटलंही होतं त्याला. तर म्हणाला, "तायडे, एकदा घातली की ते दर वर्षी घालायला लावतील. मग लग्नात. मग रोज. तुला नाही कळायचं." आणि मी म्हणाले, "मला सगळं कळतं, तूच मोठा शहाणा लागून गेलायस." दोघंही अण्णांचीच पोरं. माघार घ्यायची म्हणजे मानहानी.

मग दादाला एकलहऱ्याला वीज केंद्रात नोकरी लागली. तिथं कामावर डोक्याला पिवळं हेल्मेट. एकदा तो ते घरी घेऊन आला, आईला दाखवायला. अण्णांनी ते हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं, आतला पट्टा ओढून पाहिला आणि परत दिलं. म्हणाले, "हे डबडं चालतं होय तुला? बरंय." रात्री जेवले नाहीत. आई म्हणाली पोटात दुखतंय त्यांच्या. ते खरंही होतं. तेव्हापासूनच त्यांचं पोट दुखायला लागलं होतं.

त्याच वर्षी मी मॅट्रिकला गणितात गचकले. घरात बसून होते. एक दिवस अण्णा म्हणाले, "ये इकडं, बस." आणि समोर कात्री ठेवली. आई पडद्यातून बाहेर आली, "अहो, पोरीच्या जातीला दुकानात बसवता? लोक काय म्हणतील?" अण्णा म्हणाले, "पोराच्या जातीनं काय दिवे लावले?" आई आत गेली. माझं शिक्षण असं सुरू झालं.

टोपी म्हणजे काय मोठंसं, असं मला वाटायचं. दोन पट्ट्या, वरचा माथा, झालं. अण्णांनी पहिले कित्येक दिवस मला सुई धरूच दिली नाही. आधी कापड भिजवायला शिकवलं. कोरं कापड पाण्यातून काढून, सावलीत वाळवून मग बेतायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात टोपी आटते आणि गिऱ्हाईक आपल्या नावानं बोटं मोडतं. मग खळ. घोटीहून तांदळाची कणी यायची, तिची पातळ पेज करून फडक्यातून गाळायची. गुठळी राहिली की इस्त्रीखाली पिवळा डाग पडलाच. मी दोनतीनदा चांगल्या टोप्यांचं वाटोळं केलं. अण्णांनी त्या माझ्यासमोर पुन्हा धुतल्या आणि एक अक्षर बोलले नाहीत. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तरी परवडलं असतं.

शिवायला लागले तेव्हा मात्र तोंड सुटलं त्यांचं. "हे टाके आहेत का मुंग्यांची वरात? उसव." मी उसवायचे. पुन्हा शिवायचे. "आता बरंय. पण बरं म्हणजे चांगलं नाय. उसव." माथा पट्टीला जोडताना टोकाशी कापड गोळा होतं, तिथं अंगठ्यानं दाबून बारीक बारीक टाके घ्यावे लागतात, हे हातात यायला पावसाळा निघून गेला. बोटांना भोकं पडली. रडूही यायचं. पण सांगते, मला ते आवडायला लागलं होतं. सकाळी आम्ही दोघं समोरासमोर बसायचो, अण्णा कापायचे, मी शिवायचे, आणि तासन् तास बोलायचो नाही. माझ्या आयुष्यातलं एवढं सुख मला पुन्हा मिळालं नाही.

माप घ्यायला ते टेप वापरायचे नाहीत. डोक्यावर पंजा पसरून ठेवायचे, मग कानांच्या वरून दोन्हीकडून बोटं फिरवायची, की झालं. बघणाऱ्याला वाटावं आशीर्वादच देतायत. मलाही तेच शिकवलं. म्हणाले, "लग्नाच्या टोपीला आत बोटभर कापड दुमडून सोडायचं. माणूस सुखानं भरतो, उद्या टोपी वाढवायला लागते. दुखवट्याच्या टोपीला काही सोडायचं नाय. ती वाढवायची वेळ कुणावर येऊ नये."

आणखी एक गोष्ट, जी ते सारखी घोकून घ्यायचे. "माणूस दहाव्याच्या आधी माप द्यायला आला, की डोक्यावर केस असतात. ते उद्या नसणार. म्हणून जे माप येईल त्यात अर्धं बोट कमी धरायचं. नाहीतर टोपी भुवयांवर येते. बाप गेलेल्या माणसाला लोकांनी हसायला नको." आणि त्या टोपीला खळ नाही. वस्तऱ्यानं नुकतं सोललेलं डोकं असतं, कडक कड बोचते. मऊच ठेवायची.

तोवर अण्णांची तब्येत उतरत चालली होती. डॉक्टरकडे एकटेच जाऊन आले. आम्हाला म्हणाले, पित्ताचं आहे. आईनं मोरावळा केला. डॉक्टरांनी त्यांना खरं काय ते सांगितलं असणार, पण त्यांच्या तोंडून ते काढणार कोण?

मग दिवाळी आली. नरकचतुर्दशीला दादा तेल-उटणं लावून न्हाऊन आला आणि अण्णांच्या पाया पडला. केस ओले, डोक्याला चिकटलेले. अण्णांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि काढलाच नाही. पंजा पसरला, बोटं केसांतून आत गेली, कानांवरून मागं फिरली. दादा वाकलेलाच. शेवटी हसून म्हणाला, "काय अण्णा, माप घेताय काय?"

"आशीर्वाद देतोय, गधड्या. ऊठ."

आम्ही सगळे हसलो. आईसुद्धा.

भाऊबीजेला पाटाशेजारी टोपी होतीच. दादानं रुमालच काढला. पण त्या वेळी पडद्याखाली पाय नव्हते. अण्णा दुकानात स्टुलावर बसून होते, उभं राहवत नव्हतं. मी ओवाळून ताट घेऊन बाहेर गेले तर त्यांनी विचारलंसुद्धा नाही. मी त्या रात्री दादाशी बोलले नाही.

दिवाळीनंतर एका दुपारी अण्णांनी एक टोपी बेतली. हात थरथरत होते, तरी कापली त्यांनीच. आणि माझ्यापुढं टाकली. "ही तू शीव. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"लग्नाची का?"

"दुखवट्याची. खळ नको."

"कुणाची आहे? माप कधी घेतलं?"

"आहे एका गिऱ्हाइकाची. माप घेतलंय."

मी जीव ओतून शिवली. अण्णांनी ती उलटी केली, टाके पाहिले, टोकाशी अंगठा फिरवला. ते म्हणाले, "उसवायचं काही नाय." एवढंच. मी उठून आत गेले आणि आईच्या गळ्यात पडले. आईला वाटलं, काय झालं पोरीला!

ती टोपी त्यांनी फडक्यात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवली. दिवसांमागून दिवस गेले, न्यायला कुणी येईना. मी म्हणायचे, "अण्णा, तुमचं गिऱ्हाईक विसरलं वाटतं. देऊन टाकू का दुसऱ्या कुणाला?" ते एकदम डाफरले, "हात लावू नको तिला. येईल तो. घाई नाय." मी म्हटलं, बाई गं, टोपीपायी एवढं! पुन्हा विचारलं नाही.

होळीनंतर अण्णा गेले.

दहाव्याला घाटावर सगळे जमले. आम्ही बायका वरच्या पायऱ्यांवर बसलो होतो. न्हाव्यानं दादाला समोर बसवलं आणि पाण्याचा हात फिरवला. ते कानांवरचे, मानेवरचे केस, ज्यांच्यापायी बापलेकांनी इतकी वर्षं घालवली, ते पुंजके पुंजके होऊन पायरीवर पडायला लागले. आईनं पदर तोंडाला लावला. केस गेल्यावर दादा कुणी दुसराच दिसायला लागला. अण्णांसारखे कान होते त्याचे. मला ते तोवर माहीत नव्हतं.

टोपी घालायचा मान मामाचा. आमचा मामा नामपूरचा, तिथं कांद्याच्या अडतीवर कामाला. बिचाऱ्यानं मालेगावच्या बाजारातून टोपी-टॉवेल आणला होता. मशीनची टोपी. ती दादाच्या डोक्यावर ठेवली आणि सर्रकन खाली भुवयांवर आली. दादानं वर सारली, पुन्हा आली. मामा ओशाळला. "मोठी झायी का रे?" मागं कुणीतरी फिसकन हसलं. टोपीवाल्याच्या दहाव्याला, टोपीवाल्याच्या पोराला.

मी उठले. बायकांनी धरायला हात पुढं केले, पण मी गल्ली चढून दुकानात धावले. एखादी लहान मापाची टोपी मिळेल, एवढंच डोक्यात होतं. मांडणीवर सगळ्या लग्नाच्या, कडक. मग वरच्या फळीवर हात गेला. फडकं सोडलं. मऊ, बिनखळीची, माझ्याच हातची टोपी. आणि मला अण्णांचा तो पंजा दिसला, दादाच्या ओल्या केसांत आत आत जाणारा. गिऱ्हाईक येईल म्हणाले होते. अहो अण्णा, असं कुणी करतं का! स्वतःच्या दहाव्याची टोपी स्वतःच्या पोरीकडून शिवून घेतलीत!

घाटावर कशी पोचले ते आठवत नाही. टोपी मामाच्या हातात दिली, मान त्याचा होता. मामानं ती दादाच्या डोक्यावर घातली. बसली. कपाळावर जिथं बसायला हवी तिथं, वर नाही, खाली नाही. दादानं दोन्ही हातांनी कडा चाचपल्या.

"कुणाची गं ही?"

"तुझी."

"माप कुणी..." एवढं म्हणाला आणि थांबला. त्याला आठवलं. सगळ्यांसमोर, पुरुषासारखा पुरुष, घाटाच्या पायरीवर खाली बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून हंबरडा फोडून रडला. टोपी हलली नाही.

तेराव्यापर्यंत त्यानं ती डोक्यावरून काढली नाही. झोपतानाही नाही. तेरावं झाल्यावर ती स्वतः धुतली, घडी करून माझ्याकडे दिली. "ट्रंकेत ठेव. भाऊबीजेला ही घालीन. अण्णांचं तेवढंच राहिलंय."

मी ती ट्रंकेत ठेवली. केस वाढले की ती त्याला होणार नव्हती. अर्धं बोट कमी होती ती. शिवलेली मीच, मला कळत नव्हतं का? पण त्याचा चेहरा बघून सांगवेना.

पहिलं वर्ष दुखवट्याचं, सण केला नाही. त्याच्या पुढच्या दिवाळीला दादा आला, केस पुन्हा तसेच दाट, कानांवर आलेले. आदल्या दिवशी दुपारी मी ट्रंकेतून टोपी काढून आतून उलटी केली. उगाच. आत कापड सोडलेलं नाही हे मला माहीत होतं. तरी नखानं शिवण उचकून पाहिली. अण्णांनी बेतलेलं ते, त्यात तसूभर जास्त कापड कुठून असणार? आधीच्या भाऊबीजांच्या टोप्या, त्याच्या केसांसकट मापाच्या, लग्नाच्यासारख्या बोटभर कापड सोडलेल्या, त्या सगळ्या अण्णांनी रागारागात देऊन टाकल्या होत्या. कुणाकुणाच्या डोक्यावर असतील त्या, देव जाणे.

भाऊबीजेला मी पाट मांडला, रांगोळी काढली आणि टोपी पाटाशेजारी ठेवली, अण्णा ठेवायचे तिथंच. दादा बसला. त्यानं टोपी दोन्ही हातांनी उचलली आणि डोक्यावर ठेवली. ती केसांवर नुसती टेकली. त्यानं ओढली. शिवण करकरली. त्यानं लगेच हात सैल सोडला. पुन्हा केस मागं सारून, तिरकी करून, हळूहळू बसवायला गेला. नाहीच. माझ्याकडे बघितलं त्यानं. मी ताट धरून उभी.

"मी नवी शिवते," मी म्हणाले, "अण्णांच्याच हातची वाटेल अशी."

"शिवशील गं तू. मला माहितीय," तो म्हणाला. "पण ती अण्णांनी बेतलेली नसेल."

टोपी त्यानं होती तिथं, पाटाशेजारी, जपून ठेवली. मग खिशातून रुमाल काढला. चार घड्या घातल्या. रुमाल डोक्यावर ठेवून तो सरळ बसला, पण बघत होता दुकानाच्या पडद्याकडे, खालच्या फटीकडे. मीही तिकडेच बघितलं. निरांजन लावायचं भान मला राहिलं नाही.

आई आत करंज्या काढत होती. तिथूनच, दर वर्षीच्या सवयीनं, ती ओरडली, "अरे, टोपी घाल की!"

दादानं पडद्यावरची नजर काढली. मग म्हणाला, "होत नाही गं आई. आता होत नाही."